अकरा मिनिटांची बटणं

माझ्या भाच्याला अक्कल नाही असं मी म्हणणार नाही. अक्कल आहे, भरपूर आहे, नको तिथं जरा जास्तच आहे. बिनडोक माणूस परवडतो. तो चूक करतो आणि तोंड वासून उभा राहतो. हा चूक करतो आणि वर तिचे फायदे समजावून सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे ह्याच्या सख्ख्या आईच्या, कोटाची सहाच्या सहा लाकडी बटणं ह्यानं कापून टाकली. मी हातानं केलेली काजं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून मशीन मारून बंद केली. वर ती काळी, कर्रकर्र वाजणारी चिकटपट्टी लावून घेतली. आणि मला म्हणतो काय, "मावशी, बघ किती सोपं झालं!"

सोपं कुणाला झालं ते मी सांगते.

आम्ही दोघी बहिणींनी चाळीस वर्षं एका खोलीत बसून कपडे शिवले. मापं घेणं, बेतणं, शिवणं माझं. काज-बटण तिचं. मी चौथीत शाळा सोडली, तिनं दुसरीत, पण तिच्या हातचं काज बघायला लोक कोट उलटा करून आतली बाजू बघायचे. दोन्हीकडून सारखं. टाका मोजायला जावं तर दिसायचा नाही. माझं काज म्हणजे उंदरानं कुरतडलेलं भोक. हे मी आज लिहितेय, तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मोठीनं काय कोट शिवलाय!" आणि बोट मात्र फिरवायचं धाकटीच्या काजावरून. मला राग यायचा. अजून येतो.

गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर तिला झटका आला. उजवी बाजू गेली. महिन्या-दोन महिन्यांत काठी टेकत चालण्याइतका पाय सुधारला, हात मात्र नुसता खांद्याला लोंबत राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. बोलणं सावकाश झालं, पण डोकं शाबूत. दवाखान्यात मी तिला चमच्यानं भरवत होते. घाईघाईनं, खरं सांगायचं तर. मागे नर्स उभी होती, भेटीची वेळ संपत आली होती. चौथ्या घासाला तिनं चमचा दातात धरला आणि सोडेना. मी ओढतेय, ती सोडत नाही. नर्स म्हणाली, "झटका आला की काय पुन्हा?" मी म्हटलं, "नाही बाई, हा राग आहे. आमच्या घराण्यात असतो." चमचा तिच्या डाव्या हातात दिला. अर्धं अंगावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. पण त्या दिवशी मी शहाणी झाले. भाचा अजून व्हायचाय.

ती राहते त्याच्याकडे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याची बायको उजाडायच्या आत कामाला जाते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळचं सगळं हा बघतो. आईला अंघोळ घालतो, वेणी घालतो, औषध देतो, व्यायामाच्या केंद्रावर सोडतो आणि तसाच ऑफिसात जातो. एकदा लिफ्ट बंद होती तर तिला पाठीवर घेऊन चार मजले उतरला होता. हे मी नाकारत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, पण ती खोटी नाही. मात्र ह्या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी घड्याळ आहे. सात वाजता उठणं, सात पंचविसाला अंघोळ, आठ वाजता कपडे, आठ दहाला दार. मी त्याला घड्याळ्याच म्हणते. त्याला वाटतं मी कौतुक करते.

तर कोट. एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. घड्याळ्यानं सकाळी घातलेला स्वेटर तिच्या अंगात होता, डोक्यावरून कोंबलेला, केस विस्कटलेले. ती म्हणाली, "ताई, मला कुणी भरवतं, कुणी धुतं, कुणी पुसतं. चालतंय. पण निदान आपलं एक बटण तरी आपल्याला लावता यावं ग."

जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे, काजं तिची आहेत हे गिऱ्हाइकाला सांगणं; ती मी दिली नव्हती.

जाड करडं लोकरीचं कापड घेतलं, समोरून उघडणारा कोट बेतला. सैल बाह्या, म्हणजे मेलेला हात आधी सरकवता येईल. काजं मलाच करावी लागली. आणि बटणं आणली माझ्या पसंतीची. छोटी, काळसर, गुळगुळीत, मण्यांसारखी चमकणारी. बघताक्षणी कुणीही म्हणावं, मोठीची नजर! कोट तिच्या अंगावर चढवला. तिनं आधी काजं बघितली.

"ताई, हे काज आहे का उंदराचं बीळ?"

झटका आल्यापासूनचा तिचा हा पहिला टोमणा. मला इतका आनंद झाला की मी उलट उत्तर द्यायला विसरले.

मग तिनं डाव्या हातानं पहिलं बटण धरलं. निसटलं. पुन्हा धरलं. निसटलं. ओल्या साबणासारखं. आठ-दहा वेळा झाल्यावर तिनं हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "छान आहेत ग बटणं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी स्वतःला चांगलं झापलं. चाळीस वर्षं बटणं निवडतेस म्हातारे, पण कुणाच्या हातांनी? स्वतःच्या! दहाच्या दहा बोटं चालणाऱ्या बाईला बटणातलं काय कळणार? बटणांची निवड तिच्या हातानं करायला हवी, आणि तिचा हात माझ्याजवळ नव्हता. तर मग तो तयार करायचा.

दुसऱ्या दिवशी मी ओढणीची झोळी करून उजवा हात गळ्यात बांधला. डाव्या हातात जाड लोकरीचा हातमोजा घातला, कारण तिची डावी बोटंही आता पहिल्यासारखी चपळ नाहीत. खांद्यावर तो कोट. आणि गेले बाजारात बटणवाल्याकडे.

"काय आजी, पडलात का?"

"पडले नाही. बटणं काढ. लाकडाची. सगळी."

त्यानं डबे मांडले. मी डोळे मिटून एकेक बटण कोटावर धरून काजात घालायला लागले. बारीक बटणं बोटांना सापडेनात. पातळ बटणं सापडायची पण कापडाला चिकटून बसायची, उचलता यायची नाहीत. लाखेची चमक असलेली सगळी निसटखोर. बशीएवढी मोठी होती ती काजात जाईनात. मागे दोन पोरी खिदळत होत्या. बटणवाला म्हणाला, "आजी, डोळे उघडून बघा तरी, ह्याचा रंग कोटाला किती शोभतो!"

"कोटाला शोभून काय करू? कोट स्वतः बटण लावणार आहे का?"

त्याच्याकडची चाळीस-पन्नास जातीची बटणं मी परत त्याच्या डब्यात टाकली. एकही घेतलं नाही. त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

मग राहिला कातारी. आमच्या भागात एक म्हातारा आहे, खुर्च्यांचे पाय आणि दारांच्या मुठी कातून देतो. खोलीभर भुसा, त्यात तो बसलेला, भुवयांवरही भुसा. त्यानं माझी झोळी बघितली.

"हात मोडला का?"

"बांधलाय."

"का?"

"तुमच्या थोबाडीत बसू नये म्हणून. बटणं करायचीत, सहा."

तो हसला. तिथून आमचं जमलं, म्हणजे भांडण जमलं. मी सांगितलं, अंगठ्याच्या पेराएवढं हवं, जाड हवं, कडेला बोट अडकेल अशी खाच हवी, वर तकाकी नको. अक्रोडाचं लाकूड त्याच्याकडे होतं. पहिलं बटण फार जाड झालं. दुसऱ्याची खाच इतकी धारदार की लोकरीचे धागे उपटून काढले. तिसरं बरं होतं, पण मी त्याची भोकं बघितली आणि परत दिलं.

"आता काय?"

"लाकडाच्या रेषा बघा. दोन्ही भोकं एकाच रेषेवर आलीत. दोरा ओढला की मधोमध चिरेल."

"मला लाकूड शिकवता? साठ वर्षं कातकाम करतोय."

"मग साठ वर्षं शिकला नाहीत."

मी झोळीतून हात काढला, हातमोजा उतरवला, दोन्ही भोकांतून दोरा ओवला आणि दोन्ही टोकं जोरात ताणली. टक्कन दोन तुकडे. म्हाताऱ्यानं तुकडे उचलले, वास घेतल्यासारखे नाकाजवळ धरले. चौथ्याची भोकं त्यानं रेषेला आडवी पाडली. मी हात पुन्हा बांधून, हातमोजा चढवून ते बघितलं, तरी नाखूष.

"आजीबाई, बटण आहे हो. नवरी बघायला आल्यासारखं काय करताय?"

"नवरी बघताना लोक एवढं बघत असते तर निम्मी लग्नं झाली नसती. हे कापडावर बूड टेकून बसतंय. उठतच नाही. आळशी आहे."

त्यानं माझ्या हातमोज्यातल्या हाताकडे बघितलं. मग मी न सांगता त्यानं बटण पुन्हा यंत्राला लावलं आणि त्याची पाठ गोल केली, होडीच्या बुडासारखी. माझ्यापुढे टाकलं. मी डोळे मिटून एका कडेवर दाबलं तर दुसरी कड आपोआप वर उठली, आणि ती उठलेली कड काजात शिरली. मी डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा केलं. पुन्हा शिरली.

मी त्याला शाबासकी दिली नाही. "एवढं आधीच सुचलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता," असं म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर सुचलं असतं." उरलेली पाच त्यानं तशीच कातली.

घरी आणून मी बटणं रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी उकळली, पांढऱ्या फडक्यावर घासली. रंग सुटला नाही, चीर गेली नाही. जवसाचं तेल चोळून वाळवली. मग काजं उसवून त्या मापानं पुन्हा केली, आणि बटणं लावताना प्रत्येकावर आगपेटीची काडी आडवी ठेवून टाके घातले. काडी काढली की दोरा सैल पडतो, मग त्याला खालून वेढे द्यायचे. त्यानं बटणाला देठ येतो, ते कापडापासून वर उभं राहतं, पकडता येतं. हे मला धाकटीनंच शिकवलेलं, तरुणपणी. तेव्हा मी म्हटलं होतं, कशाला एवढे लाड बटणाचे.

पहिल्या दिवशी तिनं एक बटण लावलं. वीस मिनिटं लागली. घाम कपाळावरून नाकावर आला. मी हात पाठीमागे धरून उभी होते, एका हातानं दुसरा घट्ट पकडून, नाहीतर पुढे गेला असता. आठवड्यानं तीन झाली. महिन्याभरानं सहा. घड्याळ्याच्या भिंतीवरच्या घड्याळावर अकरा मिनिटं. शेवटचं बटण लागल्यावर तिनं त्याच्यावर दोनदा थाप मारली, पूर्वी गिऱ्हाइकाचा कोट तयार झाल्यावर मारायची तशी. मी चहा केला.

आणि मग मला ताप आला. आठ दिवस मी अंथरुणात. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, तोंडाला चव नाही अशी मी काठी टेकत तिच्याकडे गेले.

ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, अंगात कोट. घड्याळ्यानं दार उघडलं, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कुठंतरी जायच्या तयारीत. मी आत आले आणि आधी कोटाकडे बघितलं. बटणं नाहीत. समोर काळा पट्टा. मला वाटलं तापानं डोळे बिघडले.

"हे काय आहे?"

घड्याळ्या उत्साहानं पुढे आला, आईच्या छातीवरची पट्टी धरली आणि ओढली. कर्रर्र! पुन्हा लावली. पुन्हा ओढली. कर्रर्र! "मावशी, बघ किती सोपं झालं! पाच सेकंद! मोजले मी."

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

मी पुढे होऊन पट्टी उचलली. खाली माझी काजं. सहाच्या सहा, मशीनच्या टाक्यांनी आडवीतिडवी शिवलेली, जशी तोंडंच शिवून टाकली.

"कुणी केलं?"

"कोपऱ्यावरच्या शिंप्यानं. तो म्हणाला बटणं काढून आणा, म्हणून ती मी घरीच कापली." मग माझं तोंड बघून म्हणाला, "मावशी, आईला विचारून केलंय हं मी."

"काय विचारलंस?"

"म्हटलं, आई, असं केलं तर सोपं पडेल ना?"

"असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? बैलाला विचारतात का, जू मऊ आहे ना म्हणून?"

"मावशी, अकरा मिनिटं! रोज! गेल्या महिन्यात मला तीनदा उशीर झाला. साहेब सगळ्यांदेखत बोलला. केंद्रावरचे लोकसुद्धा म्हणतात, वेळेवर आणा. आणि ती…" इथं तो जरा थांबला. "ती घामाघूम होते ग. हात थरथरतो. मला बघवत नाही."

"बघवत नाही तर डोळे मीट! बटणं कशाला कापतोस? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"मी तिच्या भल्यासाठीच…"

"भलं! तुझ्या आईनं ह्या हातानं हजारो काजं केली. तुझ्या शाळेच्या पहिल्या सदऱ्याचीसुद्धा. तुला बटण लावता येत नव्हतं तेव्हा दारात बसून अर्धा अर्धा तास शिकवायची. तिनं तुला चिकटवलं होतं का?"

"ताई, राहू दे ग," धाकटी म्हणाली. "त्याला उशीर होतो."

"तू गप्प बस! तुझ्यावर तर मी जास्त चिडलेय. तोंड गेलेलं नाही तुझं, हात गेलाय." मग मी घड्याळ्याकडे वळले. "बटणं कुठेत?"

तो खाली बघायला लागला. "ती… केरात गेली असतील, मावशी. चार दिवस झाले."

तेव्हा धाकटीनं डावा हात खुर्चीच्या गादीखाली घातला आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी काढली. मांडीवर उपडी केली. अक्रोडाची बटणं, एकाला अजून दोऱ्याचा देठ लटकलेला.

"पाच आहेत," ती म्हणाली. "सहावं कपाटाखाली घरंगळलं. मला वाकता येत नाही."

घड्याळ्याचा चेहरा उतरला. "आई, तू कधी…?"

"तू अंघोळीला गेला होतास. केराच्या डब्यातून."

माझ्या बहिणीनं केरात हात घातला. काठी भिंतीला टेकवून, एका हातानं, मुलाची अंघोळ संपायच्या आत. हे ऐकलं आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी भिंतीवर टांगलेली लाकडी फुटपट्टी काढली. घड्याळ्या दोन पावलं मागे सरला. चाळीस वर्षांचा बाप्या.

"मारत नाही," मी म्हटलं. "ही घे. कपाटाखाली घाल."

"मावशी, हा शर्ट…"

"आडवा हो."

तो आडवा झाला. पांढऱ्या शर्टानिशी पोटावर, गाल फरशीला टेकून, हात खांद्यापर्यंत कपाटाखाली. फुटपट्टीनं आधी एक मोजा निघाला, मग पेनाचं टोपण, मग धुळीचा एक बोळा, आणि मग बटण. तो उठला तेव्हा त्याची छाती करडी झाली होती. धाकटीच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. मी बघितलं.

चिकटपट्टी मी त्यालाच उसवायला लावली. "शिंप्याकडे नेऊ का?" "नाही. तू." सुई तीनदा बोटात गेली. प्रत्येक वेळी त्यानं घड्याळाकडे बघितलं, म्हणून मी उठून घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं. काजांचे कडेचे टाके तुटले होते, ते मी पुन्हा घातले. धाकटी शेजारून सांगत होती, "जवळ घे. अजून जवळ. ताई, तुला म्हातारपणी तरी काज येऊ दे." काडी ठेवून सहा बटणं लावली, देठ वळले.

"आता घाल," मी घड्याळ्याला म्हटलं.

"काय?"

"कोट."

कोट त्याच्या खांद्यांना तोकडा होता, पण समोर पुरला. ओढणीनं मी त्याचा उजवा हात गळ्यात बांधला. डाव्यात माझा तो लोकरीचा हातमोजा चढवला. "लाव बटणं. तुला अकरा मिनिटं देते, तुझ्या आईइतकी."

आधी तो हसला, लाजल्यासारखा. मग बटण धरलं. मग हसणं संपलं. त्यानं सरळ मधोमध रेटलं, बटण काजाजवळून घसरलं. कापड खेचलं, काज पळालं. दातात धरायला गेला, मी फुटपट्टी आपटली. मानेवर घाम आला. ओठ चावायला लागला, लहानपणी चावायचा तसा.

"कड दाब," धाकटी म्हणाली.

"दाबतोच आहे ना!"

"मधे दाबतोयस. खालची कड दाब. वरची उठू दे. हां. आता घाई नको करू. काज त्याच्याकडे आण, त्याला काजाकडे नको नेऊ."

किती दिवसांनी ती कुणाला काहीतरी शिकवत होती. आवाज पूर्वीचा, खोलीतला, कामाच्या ढिगापुढे बसलेला. एक बटण लागलं. एकच. घड्याळ मी सरळ करून बघितलं, चौदा मिनिटं झाली होती. तो तसाच उभा राहिला, एका बटणाचा कोट घालून, आईकडे बघत. मीच त्याचा हात सोडवला.

मग कोट धाकटीला दिला. मेलेला हात तिनं स्वतः बाहीत सरकवला. पहिलं बटण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला थोडं अडलं, गेलं. चौथं तीनदा निसटलं. तिच्या कपाळावर घाम दिसला आणि घड्याळ्याचा हात आपोआप पुढे गेला. मी फुटपट्टीनं त्याच्या बोटांवर सणसणीत दिली.

"आई ग!"

"हात खिशात घाल."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि मुठी वळल्या, मला पँटीवरून दिसल्या. चौथं गेलं. पाचवं. सहावं. तिनं त्याच्यावर दोनदा थाप मारली. मग काठी घेतली आणि उठून उभी राहिली. तिला बाहेर जायचं होतं, सकाळपासून, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घड्याळ्या लगबगीनं दाराची कडी काढायला गेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बोट लावलं.

"नीट ऐक. तू आईला धुतोस, उचलतोस, ते मी बघितलंय, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ही अकरा मिनिटं तुझी नाहीत. तिची आहेत. तुला कमी पडतात तर तू आधी ऊठ. साहेब ओरडला तर त्याला माझ्याकडे पाठव. आणि ह्या कोटाला पुन्हा कात्री लागली ना, तर तुझ्या कपाटातल्या एकूण एक शर्टाची बटणं मी कापीन आणि काजं शिवून टाकीन. मशीननं नाही, हातानं, बारीक टाक्यांनी, उसवता उसवता तू म्हातारा होशील. कळलं? मग दारात काय उभा राहिलायस, कडी काढायला? कडी तिला काढता येते. तू बाजूला हो."